वाइनच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कुठला? (आणि त्यात आपलं कोकण कुठे?)

आगरकोट
गेल्या शनिवारी आमच्याकडे, रेवदंड्याला, शहरातले चार पाहुणे उतरले होते. रात्री पाऊस, लाइट गेलेली, ओटीवर गप्पा. त्यांच्यातला एक जण वाइनमधला जाणकार. १९७६ साली पॅरिसला बाटल्यांवरची नावं झाकून चव घेण्याची परीक्षा झाली, तीत कॅलिफोर्नियाने फ्रान्सला कसं हरवलं, हे त्याने तासभर रंगवून सांगितलं. मी म्हटलं, आमच्या चौलच्या बंदराचाही वाइनशी जुना संबंध आहे हो. तर हसून म्हणतो, "तुमच्याकडे काय, माडी!"

माडीचा अपमान मी गिळला, पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून धागा.

माझं म्हणणं असं: वाइनच्या इतिहासातल्या मोठ्या गोष्टी मळ्यात घडल्याच नाहीत, जहाजावर आणि बंदरात घडल्या. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' हे समुद्रमार्गाचं टिपण आहे. त्यात भडोचला काय खपतं याच्या यादीत वाइन आहे. पहिली पसंती इटलीची, मग सीरियातल्या लाओडिकियाची आणि अरबस्तानची. खाली आपल्या किनाऱ्यावरची बंदरं येतात: कल्याण आणि 'सेमिल्ला', म्हणजे आमचं चौल. पुढे पोर्तुगालहून इंग्लंडला जाताना वाइन नासू नये म्हणून पिंपात ब्रँडी ओतायला लागले, त्यातून 'पोर्ट' नावाची वाइन आली. मदेरा बेटावरची वाइन जहाजाच्या तळात विषुववृत्ताच्या उन्हात महिनोन् महिने शिजली आणि बिघडायच्या ऐवजी सुधारली. हिंदुस्थानला जाऊन परत आलेल्या पिंपांना तर जास्त भाव यायचा. म्हणजे तिचं मुरणं आपल्या समुद्रात झालं की नाही?

तुम्हाला काय वाटतं? सगळ्यात मोठा क्षण कुठला?

ता.क. आमच्या वाडीत माडाला खड्डा खणताना बऱ्याच वर्षांपूर्वी एक जाड खापर सापडलं होतं. तळव्याएवढं, बाहेरून विटकरी, आतून काळंकुट्ट. सध्या ओटीच्या खिडकीला अडण म्हणून असतं. माझं मन सांगतं की ते रोमन वाइनच्या कुंभाचं आहे. बाकी पुरावा शून्य.

चहाच_बरा
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाइनच्या धाग्यावर चहा घेऊन बसायला परवानगी आहे ना?

मीठभाकर
मस्त धागा. पेरिप्लसमध्येच आहे बहुतेक, कल्याणला चुकून ग्रीक जहाज शिरलं तर पहाऱ्यात भडोचला नेत असत. म्हणजे कल्याणला उतरायचं आणि भलतीकडेच पोचायचं, ही परंपरा दोन हजार वर्षांची.

तर्कट
लेख छान, निष्कर्ष भावनिक. बंदर आहे म्हणून वाइन मोठी झाली असं नाही, वाइन होती म्हणून पिंपं बंदरात आली. मूळ क्षण जॉर्जियातला. तिथल्या मातीच्या रांजणांच्या तुकड्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले, साधारण आठ हजार वर्षांपूर्वीचे. २०१७ साली प्रसिद्ध झालं ते. जिथे सापडले त्या गावाला समुद्र नाही, बंदर नाही, रेवदंडा नाही.

आणि आजही ते लोक तसेच करतात. 'क्वेव्री' नावाचा मोठा अंडाकृती रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, द्राक्षं सालाबियांसकट चेचून आत, वरून झाकण लिंपायचं. २०१३ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून त्याची नोंद केली.

सांजवारा
जमनीत पुरूचा? आमी आठळ्यो पुरतव हो मातयेत. पावसात काडून भाजूक बऱ्यो. युनेस्कोक कळवतंय.

चहाच_बरा
@सांजवारा, आठळ्यांचा वारसा जाहीर झाला की प्रमाणपत्र फणसालाच द्या, घेणाऱ्याच्या हाताला चिकटून राहील.

मनुका_वसई
आगरकोट, एक बाजू राहिली. वाइन इथे नुसती प्यायला नाही आली, चर्चमधल्या मिस्सेला (प्रार्थनाविधीला) पण लागायची. आमच्या वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले, पाठोपाठ चर्चेस उभी राहिली. मिस्साची वाइन द्राक्षाचीच लागते, माडी चालत नाही, जांभळाची चालत नाही. आणि कोकणात द्राक्ष कुठे होतंय? म्हणजे वेदीवरचा तो घोटभर द्राक्षरस समुद्र ओलांडून यायचा. जहाज बुडालं तर पाद्रीबाबांची पंचाईत.

घरची वाइन मात्र वेगळी. माझी आजी नाताळच्या आधी काळ्या मनुका, साखर, थोडे गहू नि यीस्ट घालून चिनीमातीच्या बरणीत ठेवायची. फडक्याने तोंड बांधून पलंगाखाली. रोज लाकडी डावाने ढवळायची पाळी नातवंडांची. मी आठ वर्षांची असताना ढवळता ढवळता चाखत गेले आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला फिदीफिदी हसत बसले. मार मला मिळाला नाही, आजोबांना मिळाला, त्यांनी लक्ष ठेवलं नाही म्हणून.

मीठभाकर
घरगुती प्रयोगांचा विषय निघालाच आहे तर कबुलीजबाब. (कायदा बिनपरवाना घरी गाळू, आंबवू देत नाही हे मला नंतर कळलं, आता करत नाही, हलके घ्या.)

करवंदांची केली होती. मे महिना, पाट्याभर करवंदं, साखर अंदाजाने. आठ दिवसांनी बुडबुडे थांबले असं वाटलं म्हणून सरबताच्या बाटल्यांत भरून बुचं घट्ट मारून माळ्यावर ठेवल्या. रत्नागिरीचा मे. तिसऱ्या रात्री पहिली फुटली. आईला वाटलं माकडाने कौल फोडलं. वडील काठी घेऊन अंगणात. तेवढ्यात दुसरी, तिसरी. सकाळी माळ्याच्या फळ्यांतून खाली पांढऱ्या चादरीवर जांभळे थेंब, आणि शेजारच्या काकू दारात: "काय हो, रात्री कोणी आलं होतं का?"

तर्कट
@मीठभाकर, अभिनंदन, तुम्ही शँपेनचा शोध लावलात. थट्टा नाही. थंडीत खमीर झोपतं, आंबणं थांबल्यासारखं वाटतं, बाटली भरतात; वसंतात ऊब आली की उरलेली साखर परत आंबते आणि वायू कोंडतो. शँपेनच्या बाटलीतला दाब गाडीच्या टायरच्या सुमारे तिप्पट असतो. पूर्वी तळघरात एक बाटली फुटली की शेजारच्या फुटत जायच्या, कामगार लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत जायचे.

दों पेरिन्यों या भिक्षूने शँपेन शोधली ही लोणकढी आहे. बिचारा बुडबुडे घालवायच्या खटपटीत होता. साखर घातली की वाइन फसफसते हे लंडनला ख्रिस्तोफर मेरेट याने १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे लिहून वाचलं, तेव्हा पेरिन्यों शँपेन भागातल्या त्याच्या मठात रुजूही झाला नव्हता. आणि ते जमलं, कारण इंग्रज तेव्हा लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भट्टीत काच करायला लागले होते, बाटल्या जाड आणि मजबूत. म्हणून माझं दुसरं मत: मोठा क्षण बाटलीचा. जाड काच आणि बूच. त्याआधी वर्षानुवर्षं बाटलीत मुरवणं हा प्रकारच नव्हता.

आगरकोट
तर्कटराव, आधी जॉर्जिया म्हणालात, आता बाटली. एक काय ते ठरवा.

तर्कट
मुद्द्याने मत बदलतो, यालाच तर्क म्हणतात.

खुंटकलम
नाशिकहून रामराम. कोकणच्या धाग्यात घाटावरचा माणूस चालेल का? आमची द्राक्षबाग आहे, साडेतीन एकर, पैकी एक एकर वाइनची, बाकी खायची.

तुम्ही सगळे गंमत म्हणून बोलताय, पण वाइन एकदा जगातून जवळजवळ जाणार होती, तो क्षण कोणी काढला नाही. फिलॉक्सेरा. माव्याच्या जातीची बारीक कीड, मुळांतून रस शोषते. १८६० नंतर फ्रान्समध्ये वेली उभ्या वाळायला लागल्या. मुळं खणली तर कीड दिसेना, कारण वेल मेला की ती दुसरीकडे गेलेली. १८६८ ला प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि सोबत्यांनी अजून न मेलेल्या वेलाची मुळं खणली तेव्हा सापडली. सरकारने तीन लाख फ्रँकांचं बक्षीस लावलं. लोकांनी काय नाही केलं! वेलाखाली जिवंत बेडूक पुरले.

शेवटी उपाय निघाला तो कलमाचा. कीड अमेरिकेतून आलेली, तिथल्या रानवेलांना तिची सवय. मग खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच काडी. आज फ्रान्समधली बहुतेक वाइन अमेरिकन पायावर उभी आहे, आणि १९७६ ला पॅरिसला अमेरिका जिंकली म्हणून रडले!

आमच्याकडेही तेच काम. डॉगरीज नावाचा अमेरिकन खुंट फेब्रुवारीत लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम भरायचं. फरक एवढाच की आम्ही ते किडीसाठी करत नाही, खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून करतो. कलम भरणारी टोळी येते, एकेकाचा हात असा चालतो की ब्लेड दिसत नाही. काडीची पाचर, खुंटाला चीर, सालीला साल भिडली पाहिजे, वर पट्टी गुंडाळायची. पंधरा-वीस दिवसांनी डोळा फुगला की आमचाही जीव भांड्यात.

आगरकोट
@खुंटकलम, अप्रतिम. पण ही कीड अमेरिकेहून फ्रान्सला आली कशाने? शिडाच्या जहाजाला आठवडे लागायचे, रोपांबरोबर कीडही वाटेत मरायची. वाफेची बोट आली, प्रवास दहा-बारा दिवसांवर आला, कीड जिवंत उतरली, असं सांगतात. परत जहाजच! मी एक गुण घेतो.

पोफळीवाला
मी सहसा वाचनमात्र. श्रीवर्धनला पोफळीची बाग आहे. वाइन आयुष्यात घेतली नाही, पण या धाग्यात मला बोलायचा हक्क आहे तो बोर्डो मिश्रणामुळे.

पावसाळ्याच्या तोंडाला सुपारीच्या घोसांवर फवारायला आम्ही वर्षानुवर्षं एक टक्का बोर्डो वापरतो. नाही मारलं तर कोळेरोग, कोवळी फळं कुजून टपटप खाली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही, प्लास्टिकच्या पिंपात. मग एकत्र ओतायचं, आकाशासारखा निळा रंग येतो. आणि परीक्षा काय, तर स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाल. वडील हे करायचे तेव्हा मला वाटायचं बोर्डो हे कुठल्या तरी कंपनीचं नाव असेल.

पुढे कृषी सहायकांनी सांगितलं, बोर्डो हे फ्रान्समधलं शहर, वाइनचं. खुंटकलम म्हणाले ती अमेरिकन झाडं आली त्यांच्याबरोबर केवडा हा पानांवरचा बुरशीचा रोगही आला, १८७८ च्या आसपास. पानं जळाली. पण बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार. का, तर येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून शेतकऱ्यांनी त्या ओळींवर मोरचूद-चुन्याचा निळा, कडू रंग मारून ठेवलेला. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ ला ते लक्षात आलं, १८८५ ला त्याने जाहीर केलं.

म्हणजे फ्रान्समध्ये पोरांनी द्राक्षं चोरली म्हणून श्रीवर्धनची सुपारी वाचते. माझ्यापुरता वाइनच्या इतिहासातला मोठा क्षण हाच.

खुंटकलम
दंडवत. आमच्याकडे केवड्याला अजून बोर्डो मारतात आणि मला ही चोरीची भानगड माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

मनुका_वसई
+१. धाग्याचा मानकरी ठरला.

तर्कट
मान्य. बाटली मागे घेतो.

चहाच_बरा
तर्कटांनी काहीतरी मान्य केलं! हाच वाइनच्या इतिहासातला मोठा क्षण. धागा बंद करा.

सांजवारा
थांबा, आमचा वेंगुर्ला ऱ्हवला. (आता शुद्ध लिहितो, नायतर पुणेकरांक कळाचा नाय.)

आमच्या बंदराजवळ डच वखारीचे भग्नावशेष आहेत, सतराव्या शतकातली वखार. याच डच कंपनीने आशियात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना ताजं अन्नपाणी मिळावं म्हणून १६५२ ला आफ्रिकेच्या टोकाला, केपला, ठाणं घातलं. तिथल्या प्रमुखाने, फान रिबेकने, द्राक्षं लावली आणि २ फेब्रुवारी १६५९ च्या रोजनिशीत देवाचे आभार मानून लिहिलं की आज केपच्या द्राक्षांची पहिली वाइन काढली. एखाद्या देशातल्या वाइनची जन्मतारीख इतकी पक्की फार क्वचित सापडते. दक्षिण आफ्रिकेची वाइन ही मुळात आपल्या बाजूला येणाऱ्या खलाशांची शिदोरी. पुढे तिथलीच कॉन्स्टान्शियाची गोड वाइन सेंट हेलेना बेटावर कैदेतल्या नेपोलियनपर्यंत जायची.

वखारीच्या भिंतींवर आज वड-पिंपळ. पाहुणे येतात, फोटो काढतात, विचारतात, "इथे सोलकढी कुठे मिळेल?"

मीठभाकर
आपल्याकडे द्राक्षाची नव्हती असंही नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात लिहिलंय, द्राक्षाच्या रसाचं ते 'मधु', आणि प्रकार दोन, कापिशायन आणि हारहूरक, दोन्ही नावं मूळ देशांवरून. कापिशी आजच्या अफगाणिस्तानातली. मूळ ठिकाणाच्या नावाने वाइन ओळखायची ही पद्धत फ्रेंचांचीच असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आणि द्राक्षासव? माझी आजी, सोवळ्यातली, जेवणानंतर दोन चमचे घ्यायची. धायटीची फुलं घालून आंबवलेला द्राक्षरसच तो. बाटलीवर लिहिलेलं असतं, त्यात आपोआप तयार झालेलं मद्यार्क आहे. आपोआप! आम्ही कोणी काही केलं नाही बरं का.

मनुका_वसई
अमेरिकेत दारूबंदी होती ना, १९२० ते ३३, तेव्हा सुकवलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकत. सोबत सूचना: पाण्यात विरघळवून घागरीत वीस दिवस ठेवू नका, वाइन होईल. लोक 'चुकून' ठेवत.

सांजवारा
हा नीरेचाच न्याय. मडक्याला आतून चुना लावला तर नीरा, चुना लावायला विसरलं तर माडी. आमच्याकडे विसरभोळी माणसं फार.

तर्कट
पाश्चर राहिला. वाइन वाटेत नासते म्हणून तिसऱ्या नेपोलियनने त्याला १८६३ ला कामाला लावलं. त्याने दाखवलं की हा जंतूंचा उद्योग, पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवलं की थांबतो. दुधाच्या पिशवीवरचं 'पाश्चराइज्ड' तिथून आलं. दुधावर हा प्रयोग नंतर झाला, आधी वाइनवर.

चहाच_बरा
म्हणजे माझ्या चहातल्या दुधातही वाइन? आता मी कुठे जाऊ?

कोरा_कागद
वाइन ही दारू आहे की नाही ते आधी ठरवा. २०२२ ला मोठ्या दुकानांत वाइन विकायला द्यायचं सरकारने ठरवलं तेव्हा...

प्रशासक
राजकारण नको. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे आधीच ४०० प्रतिसाद आहेत.

खापरखुणा
उशिरा आले. पुरातत्त्वाचा अभ्यास करते, म्हणून सगळं सोडून @आगरकोट यांच्या खिडकीतल्या खापराकडे वळते.

रोमन असेलच असं नाही. पश्चिम भारतात सापडलेली बरीच खापरं आधी रोमन कुंभांची म्हणून नोंदली गेली होती. पुढे पुन्हा तपासल्यावर त्यांतली पुष्कळ इराक-इराणकडच्या लांबट कुंभांची निघाली. त्यांना टॉर्पेडो जार म्हणतात: कान नाहीत, खाली निमुळते, आतून खनिज डांबराचा लेप. बहुधा वाइनच यायची त्यांतून. घारापुरीला दोन्ही प्रकार सापडलेत. मात्र नुसत्या काळ्या लेपावर जाऊ नका, रोमन कुंभांनाही आतून चिडाच्या राळेचा लेप असायचा. माती बघा. इटलीत नेपल्सच्या बाजूला झालेल्या कुंभांत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चकचकीत कण दिसतात, काळी मिरी भरडून घातल्यासारखे.

उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून, तुटलेल्या कडेचा फोटो टाका. घासू नका, धुऊ नका, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

आगरकोट
धुऊ नका हे आधीच वाचलं असतं तर! आईने परवाच नारळाच्या शेंडीने घासलं.

फोटो टाकलाय. कडेला काळे कण आहेत, पण ते मातीतले की आईच्या राखेचे, सांगता येत नाही.

खापरखुणा
फोटो हलला आहे. जाडी किती? लेप नखाने निघतो का? (काढू नका, फक्त बघा.)

आगरकोट
जाडी अंगठ्याएवढी. लेप निघत नाही, ऊन लागलं की वास येतो.

खापरखुणा
वास येतो??

आगरकोट
हो, आणि म्हणूनच आज आईला विचारलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे होय? तुझ्या आजोबांचं डांबराचं मडकं. होडीला लावायला त्यात डांबर वितळवायचे. फुटलं तेव्हा माडाच्या आळ्यात टाकलं."

चहाच_बरा
😂😂😂

सांजवारा
आजोबा रोमन होते काय?

तर्कट
तरी जहाजाशी संबंध निघालाच. आगरकोट यांना उत्तेजनार्थ अर्धा गुण.

खापरखुणा
तरी नीट फोटो पाठवाच. डांबर आजोबांचं असेल, पण मडकं त्यांना कुठे मिळालं होतं ते आईला विचारलंत का?

आगरकोट
विचारलं. म्हणाली, "वाडीतच सापडलं होतं म्हणायचे."

फोटो उद्या. आज पश्चिमेचा वारा सुटलाय, ते परत खिडकीला लावलंय.